दवा, दुआ आणि मधला काळ : फेफऱ्याच्या रुग्णाच्या निमित्ताने

प्रस्तावना

तास चालू असताना एखादी विद्यार्थिनी अचानक बाकावरून खाली कोसळते. हातपाय ताठ होतात, झटके येतात, तोंडाला फेस येतो. दोन-तीन मिनिटांत झटके थांबतात आणि ती गाढ झोपल्यासारखी पडून राहते. वर्गातील मुली घाबरतात. कोणी कांदा आणायला धावते, कोणी चप्पल नाकाशी धरते, कोणी आयतुल कुर्सी पढू लागते. दुसऱ्या दिवशी ती मुलगी महाविद्यालयात येत नाही. आठवड्याने चौकशी केली तर घरचे सांगतात की तिच्यावर काही असर झाला आहे आणि इलाज चालू आहे. ‘इलाज’ या शब्दाचा अर्थ येथे बहुधा दम केलेले पाणी, गळ्यातील ताबीज आणि दर गुरुवारी दर्ग्याची फेरी असा असतो. डॉक्टरकडे जाणे होते, परंतु ते काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी.

बेळगाव, हैदराबाद, बडोदा, इंदूर, गोवा अशा ठिकाणी मुस्लिम वस्तीतील महाविद्यालयात शिकविणाऱ्या प्राध्यापकांना हे दृश्य अपरिचित नाही. अशा वेळी सुशिक्षित माणसाच्या मनात दोन प्रकारचे विचार येतात. एक, ही सर्व अंधश्रद्धा आहे आणि तिचे मूळ धर्मात आहे. दोन, हा त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात आपण पडू नये. प्रस्तुत लेखात या दोन्ही समजुती तपासून पाहिल्या आहेत. इस्लामी परंपरेने दुआला दवेची जागा कधीच दिलेली नाही. आजार सुरू झाल्यापासून औषध सुरू होईपर्यंतचा मधला काळ वाढतो त्याला श्रद्धेपेक्षा खर्च, अंतर, लाज आणि रुग्णालयात मिळणारी वागणूक ही कारणे अधिक जबाबदार आहेत. म्हणून हा काळ कमी करण्याचा मार्ग श्रद्धेवर टीका करण्यात नसून दोन्ही बाजूंची नेमकी माहिती रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचविण्यात आहे.

फेफरे, म्हणजेच अपस्मार किंवा उर्दूत मिर्गी, हा आजार उदाहरणादाखल घेण्याचे कारण असे की त्यावरील औषधे जुनी, परिणामकारक आणि स्वस्त आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान व उपचार झाल्यास सुमारे 70 टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहून जगू शकतात. ज्या आजारात वेळेवर सुरू केलेली साधी गोळी एवढे काम करते, त्या आजारात वाया गेलेला काळ सर्वांत अधिक खटकतो.

धर्मग्रंथांत उपचाराचे स्थान

हदीसच्या प्रमुख संग्रहांत वैद्यकावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. सहीह बुखारीतील ‘किताबुत्तिब’ या प्रकरणाच्या आरंभीच प्रेषित मुहम्मद (स.) यांचे असे वचन नोंदविलेले आहे की अल्लाहने असा कोणताही आजार उतरविला नाही ज्याचा उपाय त्याने उतरविला नाही. आम्ही औषधोपचार करावा काय, असे वाळवंटातील अरबांनी विचारले असता प्रेषितांनी होकार दिला व म्हातारपण सोडून प्रत्येक आजारावर उपाय आहे असे सांगितले, ही हदीस अबू दाऊद व तिर्मिझी यांच्या संग्रहांत आहे. ‘तवक्कुल’ म्हणजे अल्लाहवर भरवसा. त्याचा अर्थ सांगताना, आधी उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, या आशयाची तिर्मिझीमधील हदीस मदरशातील लहान विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

याहून महत्त्वाची घटना हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आजारपणाची आहे. अबू दाऊदमधील कथनानुसार प्रेषित (स.) त्यांना भेटावयास गेले, त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि सकीफ टोळीतील हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले. हारिस यांनी इस्लाम स्वीकारला होता की नाही याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तरीही प्रेषितांनी रुग्णाला त्यांच्याकडे पाठविले, कारण ते वैद्यकाचे जाणकार होते. आपुलकीचा स्पर्श आणि वैद्याचा पत्ता या दोन्ही गोष्टी येथे एकाच भेटीत आहेत. एक संपल्यावर दुसरी सुरू करावी, असा क्रम नाही.

‘रुकया’ म्हणजे कुरआनातील आयती किंवा दुआ पढून दम करणे. त्याला परंपरेत स्थान आहे. एका टोळीप्रमुखाला विंचू चावला असता एका सहाबींनी सूरह फातिहा पढून दम केल्याचे व मोबदल्यात बकऱ्या मिळाल्याचे कथन बुखारीत आहे. मात्र उलमांनी त्यासाठी अटी घातल्या आहेत. शब्द अल्लाहचे नाव, त्याचे गुण किंवा त्याचे कलाम असावेत, ते समजणाऱ्या भाषेत असावेत आणि परिणाम शब्दांत नसून अल्लाहच्या इच्छेत आहे अशी श्रद्धा असावी. कुरआनच्या आयतींचा ताबीज गळ्यात घालावा की नाही याविषयी आपल्याकडील मसलकांत मतभेद आहेत. प्रस्तुत विषयाला त्या वादाची गरज नाही. ताबीज मान्य करणाऱ्या कोणत्याही जबाबदार आलिमने, ताबीज घातल्यावर औषध बंद करावे, असे सांगितलेले नाही एवढे पुरेसे आहे.

साथीच्या रोगाविषयीची हदीसही येथे आठवावी. जेथे साथ असेल तेथे जाऊ नये आणि आपण तेथे असू तर बाहेर पडू नये, असा तिचा आशय आहे. हजरत उमर (रजि.) शामकडे जात असताना सर्ग येथे त्यांना साथीची बातमी मिळाली. सल्लामसलत करून ते मागे फिरले. अल्लाहने ठरविलेल्या गोष्टीपासून पळता काय, असा आक्षेप घेतला गेला तेव्हा, आपण अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, असा त्यांच्या उत्तराचा भाव होता. नशिबात असेल ते होईल, असे म्हणून घरी बसणाऱ्या कुटुंबाला हा प्रसंग सांगण्यासारखा आहे.

फेफऱ्याचा तर स्पष्ट उल्लेख हदीसमध्ये आढळतो. एक स्त्री प्रेषितांकडे (स.) आली व आपल्याला झटके येतात, त्या वेळी अंग उघडे पडते, असे तिने सांगितले. धीर धरल्यास जन्नत मिळेल किंवा हवे असल्यास बरे होण्यासाठी दुआ करता येईल, असे दोन पर्याय तिला देण्यात आले. तिने धीर पत्करला, मात्र अंग उघडे पडू नये एवढी दुआ मागितली आणि ती करण्यात आली. या कथनात कोठेही त्या स्त्रीला दूषण नाही, मारझोड नाही, तिला लोकांपासून तोडणे नाही. तिची प्रतिष्ठा राखली गेली आहे. इब्न सीना (मृत्यू 1037) यांनी ‘अल-कानून’ या ग्रंथात ‘सरअ’ म्हणजे फेफऱ्याचा विचार मेंदूच्या आजारांत केला आहे. म्हणजे फेफरे हा मेंदूचा आजार होय ही गोष्ट मुस्लिम विद्येला पाश्चात्त्य रुग्णालयांनी प्रथम सांगितलेली नाही.

रुग्णसेवा आणि वक्फ

मुस्लिम राज्यांत ‘बीमारिस्तान’ म्हणजे रुग्णालये ही मशिदी व मदरशांप्रमाणेच पुण्यकर्म मानली गेली. दमिश्कचे नूरी बीमारिस्तान 1154 चे, तर कैरोचे मन्सूरी बीमारिस्तान सुलतान कलावून यांनी 1284 मध्ये उभारलेले. त्यांचा खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले. गरीब रुग्णाला उपचार विनामूल्य मिळत आणि मनोरुग्णांसाठी स्वतंत्र सोय असे.

दख्खनमध्ये ही परंपरा हैदराबादेत दिसते. शहर वसविणारे मुहम्मद कुली कुतुबशाह यांनी 1595 च्या सुमारास दारुश्शिफा ही दुमजली वास्तू बांधली. तेथे युनानी उपचार आणि वैद्यकाचे शिक्षण एकत्र होत असे. आज तो भाग दारुश्शिफा याच नावाने ओळखला जातो. चारमिनारजवळील निजामिया तिब्बी रुग्णालय ही याच धारेतील पुढची संस्था होय. रुग्णाला नवसाच्या आधी रुग्णालय उपलब्ध करून देणे हे आपल्या भूमीतील मुस्लिम राज्यकर्त्यांनी आपले कर्तव्य मानले होते, हे विद्यार्थ्यांना सांगता येते.

रुग्ण दर्ग्याकडे का जातो

तरीही रुग्ण प्रथम दर्ग्याकडे का जातो, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर मिरजेत चांगले समजते. बेळगाव, चिकोडी, अथणी या भागांतील रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या मिरजेस उपचारासाठी जात आले. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये तेथे मिशन हॉस्पिटल सुरू केले आणि त्यामुळे मिरजेचे नाव दूरवर झाले. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तेथे आले. त्याच गावात ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ आजारातून बरे झाले ते मीरासाहेबांच्या कृपेने, अशी आख्यायिका सांगितली जाते. 1937 मध्ये निधन झाल्यावर त्यांचे दफनही दर्ग्याच्या आवारातच झाले. रुग्णाचे नातेवाईक ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दर्ग्यात जाऊन फातिहा देतात आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात रक्त द्यायला उभे राहतात. त्यांना यात विसंगती वाटत नाही आणि ती नाहीही. रुग्णालय जवळ असले, ओळखीचे असले आणि परवडणारे असले की दुआ आणि दवा सोबत चालतात, हे मिरजेचे सांगणे आहे.

अडचण येते ती रुग्णालय यांपैकी काहीच नसते तेव्हा. दर्ग्यात केस पेपर काढावा लागत नाही. रेशनकार्ड, आधारकार्ड, उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही. रोजंदारीवरील बापाला सरकारी रुग्णालयात जायचे तर दिवसाचा खाडा होतो. एक दिवस तपासणीला, दुसरा रक्ताच्या अहवालाला, तिसरा मेंदूच्या फोटोच्या तारखेला. दर्ग्यात संध्याकाळी काम आटोपून जाता येते. तेथे आईला आपले दुःख सविस्तर सांगता येते आणि ऐकणाराही असतो. ओपीडीत डॉक्टरांपुढे शंभर रुग्ण रांगेत असतात. बुरखा घातलेल्या, दखनी किंवा उर्दू बोलणाऱ्या बाईला काउंटरवर दोनदा विचारावे लागले की ती तिसऱ्यांदा येत नाही.

लाजेचे कारण याहून खोल आहे. मुलीला मिर्गी आहे असे कळले तर नाते जमणार नाही, ही भीती आईबापाला असते. असर झाला असे म्हटले की दोष बाहेरच्या शक्तीकडे जातो आणि तो उतरला की मुलगी पुन्हा निर्दोष ठरते. ‘आजार’ हा शब्द मात्र कायमचा चिकटेल असे वाटते. म्हणजे येथे ‘असर’ हा शब्द धर्मापेक्षा मुलीची अब्रू राखण्याचे काम करीत असतो. हे ओळखल्याशिवाय त्या कुटुंबाशी केलेला कोणताही युक्तिवाद निष्फळ ठरतो. हीच भीती आणि हाच मार्ग हिंदू कुटुंबांतही आढळतो. अनेक दर्ग्यांत येणाऱ्या रुग्णांत त्यांचीही संख्या मोठी असते.

एरवाडी आणि उनावा

दुआ एकटी पडली आणि तिचा धंदा झाला तर काय होते, हे तामिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे दिसले. तेथील दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवून घेणारी खाजगी गृहे उभी राहिली होती. घरचे लोक पैसे देऊन रुग्णाला सोडून जात. 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे अशा एका गृहाच्या झोपडीवजा शेडला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. 28 जणांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 95 ने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

फेफरे हा मनोविकार नव्हे, तो मेंदूचा आजार आहे. परंतु दर्ग्याच्या अंगणात दोन्ही प्रकारचे रुग्ण एकाच रांगेत बसतात आणि दोघांवरही ‘हाजिरी’चाच शिक्का बसतो. म्हणून एरवाडीचा धडा दोघांनाही लागू आहे.

दुसरे उदाहरण गुजरातमधील आहे. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील हजरत सय्यद अली मीरा दातार यांचा दर्गा बाधा उतरविण्यासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. तेथे 2008 पासून ‘दवा-दुआ’ नावाचा उपक्रम एका स्वयंसेवी संस्थेने राज्य शासनाच्या सहकार्याने सुरू केला. दर्ग्याच्या परिसरातच मनोविकार तज्ज्ञांची ओपीडी ठेवण्यात आली. मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. रुग्ण प्रथम मुजावराकडे येतो. मुजावर दुआ करतो आणि मग स्वतःच रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवितो. औषध विनामूल्य मिळते.

या उपक्रमातील मुख्य गोष्ट अशी की मुजावराची प्रतिष्ठा कमी केली गेली नाही. ज्याच्या शब्दावर कुटुंबाचा विश्वास आहे त्याच्याच तोंडून ‘गोळी घ्या’ हे वाक्य आले. सअद (रजि.) यांच्या कथनातील रचना हीच आहे. आपल्या गावातील मशिदीचे इमाम, मदरशाचे मौलाना, दर्ग्याचे मुजावर यांना विरोधक न मानता सोबती मानले तर हे काम लहान प्रमाणात कोठेही करता येते.

परवडणाऱ्या उपचाराच्या वाटा

खर्चाचा प्रश्न येथे स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. आयुष्मान भारत ही योजना 2018 मध्ये सुरू झाली. पात्र कुटुंबाला तीत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. मध्यप्रदेशातील पात्र कुटुंबांना या कार्डाचा आधार आहे. गुजरातने 2023 मध्ये ही मर्यादा 10 लाखांपर्यंत वाढविली. तेलंगणात आरोग्यश्री योजनेची मर्यादा डिसेंबर 2023 पासून 10 लाख आहे. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना 2016 पासून असून तीन व्यक्तींपर्यंतच्या कुटुंबाला 2.5 लाख व त्याहून मोठ्या कुटुंबाला 4 लाख रुपयांचे संरक्षण देते. कर्नाटकात दारिद्र्यरेषेखालील कार्ड असणाऱ्यांना 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. इतरांना ठरलेल्या दराच्या 30 टक्के इतकी मदत मिळते. सीमाभागातील 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये घेतला. कर्नाटक शासनाने त्यास हरकत घेतली. बेळगावच्या रुग्णाने या वादाच्या निकालाची वाट न पाहता हाती असलेल्या कार्डावर उपचार सुरू करावेत हेच शहाणपणाचे.

परंतु फेफऱ्याच्या रुग्णाला एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. या योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च भागवितात. फेफऱ्याच्या रुग्णाला दाखल व्हावे लागते ते क्वचित. त्याला रोज गोळी लागते आणि तीही काही वर्षे. कार्ड आहे म्हणून निश्चिंत झालेले कुटुंब दर महिन्याच्या गोळ्यांपाशी अडते आणि दोन महिन्यांनी औषध सुटते. यासाठी दोन वाटा आहेत. पहिली सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीची. बडोद्याचे सयाजीराव रुग्णालय, इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय, ग्वाल्हेरचे जयारोग्य, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, हैदराबादचे उस्मानिया आणि गांधी, बेळगावचे जिल्हा रुग्णालय या सर्व मोठ्या सरकारी संस्था आहेत. निदान एकदा तेथे झाले की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुढील औषध जवळच्या सरकारी दवाखान्यातून मिळू शकते काय, हे तेथेच विचारून घ्यावे. दुसरी वाट जनऔषधी केंद्राची. ही योजना 2008 मध्ये सुरू झाली. तेथे मूळ नावाची औषधे बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळतात. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅलप्रोएट ही फेफऱ्याची जुनी औषधे आहेत. त्यांपैकी कोणते द्यावे हे डॉक्टरच ठरवितील. मात्र व्हॅलप्रोएटमुळे गर्भाला धोका संभवतो. म्हणून मुलगी लग्नाच्या वयाची आहे हे डॉक्टरांना न लाजता सांगावे.

जकात हा तिसरा आधार आहे. कुरआनने जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत गरीब, गरजू आणि कर्जात बुडालेले लोक येतात. आजारपणात कर्ज झालेले कुटुंब या व्याख्येत बसू शकते. हनफी मतानुसार जकात हक्कदाराच्या मालकीत देणे आवश्यक असते. म्हणून ती इमारतीवर खर्च करण्याऐवजी गरीब रुग्णाच्या हाती महिन्याचे औषध किंवा त्याचे पैसे देणे हा नियमाला धरून असलेला मार्ग होय. रमजानमध्ये जमा होणाऱ्या जकातीतील थोडा भाग दहा रुग्णांच्या वर्षभराच्या गोळ्यांसाठी बाजूला काढणे कोणत्याही मोहल्ल्याच्या बैतुलमालला अवघड नाही.

युनानी उपचाराविषयी दोन शब्द. नोंदणीकृत पदवीधर हकीम हा कायद्याने मान्य वैद्य आहे आणि अनेक तक्रारींवर त्याच्या औषधाचा लोकांना अनुभव आहे. परंतु फेफऱ्यात चालू गोळी अचानक बंद करणे धोक्याचे असते. झटके एकामागून एक येऊन जीव जाऊ शकतो. युनानी औषध घ्यायचे असल्यास दोन्ही चिकित्सकांना एकमेकांच्या औषधाची माहिती द्यावी. ज्या पुडीवर नाव, घटक आणि बनविणाऱ्याचा पत्ता नाही, ती घेऊ नये.

एक गैरसमज विशेष नोंदविण्यासारखा आहे. मेंदूत जंताच्या अंड्यांमुळे झालेल्या गाठी हे आपल्या देशात फेफऱ्याचे एक प्रमुख कारण आहे. हा जंत डुकराच्या मांसाशी संबंधित आहे असे कळताच मुस्लिम कुटुंब दुखावते आणि डॉक्टरांचे निदानच खोटे मानते. वस्तुस्थिती अशी की मेंदूत गाठी होतात त्या मांस खाण्याने नव्हे, तर जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेतून पसरलेली अंडी पोटात गेल्याने. ती न धुतलेली कोथिंबीर, गाजर, काकडी, अशुद्ध पाणी किंवा अस्वच्छ हात यांतून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. संपूर्ण शाकाहारी कुटुंबातही हा आजार होतो. हे निदान म्हणजे हराम खाल्ल्याचा आरोप नव्हे.

शिक्षकाने काय करावे

पहिली गोष्ट प्रथमोपचाराची. झटका आला की घड्याळ पाहावे. आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात. डोक्याखाली दुपट्ट्याची घडी ठेवावी, गळ्याभोवतीचा स्कार्फ सैल करावा. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. झटके थांबताच कुशीवर वळवावे. कांदा व चप्पल यांचा उपयोग नाही. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, लागोपाठ दुसरा आला किंवा श्वासाला अडचण दिसली तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंग झाकण्याची काळजी घ्यावी आणि बघ्यांना दूर करावे. हदीसमधील त्या स्त्रीने एवढेच मागितले होते.

दुसरी गोष्ट घरच्यांशी बोलण्याची. शक्यतो शिक्षिकेने आईशी बोलावे आणि एकांतात बोलावे. असर आहे की आजार, हा वाद पहिल्याच भेटीत काढू नये. “अम्मी, ताबीज राहू द्या, दुआही चालू द्या, पण गोळी एक दिवसही चुकवू नका,” एवढे वाक्य पुष्कळ काम करते. पहिल्या तपासणीला महाविद्यालयातील कोणी सोबत गेले तर काउंटरवरील अर्धी भीती नाहीशी होते. झटक्याचे वर्णन डॉक्टरांना फार उपयोगी असते. झटका कसा सुरू झाला, किती वेळ चालला, नंतर काय झाले, हे पाहणाऱ्या शिक्षिकेने कागदावर लिहून द्यावे. मनोविकाराची शंका असल्यास 2022 पासून सुरू असलेल्या टेलिमानस या 14416 क्रमांकावर विनामूल्य व अनेक भारतीय भाषांत सल्ला मिळतो.

तिसरी गोष्ट रोजाची. औषधाची वेळ चुकणे आणि झोप अपुरी होणे या दोन्हींमुळे झटके येऊ शकतात. रमजानमध्ये दोन्ही संभवते. कुरआनने आजारी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची मुभा दिली आहे. काही रुग्णांना सहरी व इफ्तारच्या वेळी बसणारे औषध देता येते. तो निर्णय रमजानच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्यावा, आणि डॉक्टरांनी मनाई केल्यास इमामसाहेबांकडून मुलीला सांगावे की यात गुनाह नाही.

चौथी गोष्ट कायद्याची. 1954 च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानुसार फेफरे बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात देण्यास मनाई आहे. बाधा काढण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे, मिरचीची धुरी देणे, तसेच वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे हे महाराष्ट्राच्या 2013 च्या कायद्याने गुन्हे ठरविले. कर्नाटकाने 2017 मध्ये व गुजरातने 2024 मध्ये अमानुष प्रथांविरुद्ध असेच कायदे केले. हे कायदे दुआ, फातिहा किंवा दर्ग्याची जियारत यांविरुद्ध नाहीत. मारहाण आणि फसवणूक यांविरुद्ध आहेत. हा फरक पालकांना व मुजावरांना समजावून सांगितल्यास गैरसमज टळतात.

समारोप

दवा आणि दुआ यांत निवड करावी लागते ही कल्पना परंपरेत नाही, मिरजेच्या रुग्णाच्या मनात नाही आणि उनाव्याच्या मुजावराच्या कामातही नाही. ती निवड गरिबीने, अंतराने आणि लाजेने लादलेली आहे. वर्गात कोसळलेली विद्यार्थिनी महिन्याभरात औषध सुरू करून परत आली तर बहुधा तिचे वर्ष वाचते, शिक्षण पुरे होते. तीच तीन वर्षांनी रुग्णालयात पोहोचली तर तोवर तिचे नाव पटावरून कमी झालेले असते, भाजल्याची किंवा पडल्याची खूण अंगावर असते आणि घर कर्जात असते. आजार दोन्ही वेळी एकच असतो. या दोन शेवटांमधील अंतर कमी करण्यासाठी लागणारी माहिती शिक्षकापाशी असू शकते, आणि त्या घराचा विश्वास तर बहुतेक वेळा त्याच्यापाशी आधीच असतो.